डाग कशाचा आहे?

वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा हॉलच्या काचांवर नाना तऱ्हेचे डाग होते. रंगाचे शिंतोडे, कडेला पुट्टी, खालच्या भागात बोअरच्या पाण्याचे पांढरट ठिपके आणि बाहेरून कबुतरांची घाण. तारेची घासणी, काथ्याचा ब्रश, कपड्यांचा ब्रश असं सगळं मी काढून ठेवलं होतं. स्वयंपाकघरात टचअपला आलेले रंगारी मामा म्हणाले, "ताई, ब्रश नंतर. आधी डाग कशाचाय ते बघा. बोट फिरवा काचेवरनं."

फिरवलं. रंगाचा थेंब नखाला अडकतो. क्षाराचा डाग खरखरीत लागतो. आणि दोन-तीन ठिकाणी डोळ्यांना डाग दिसत होता, पण बोटाला काहीच लागत नव्हतं.

रंग आणि पुट्टी निघते ती पत्तीने. काच साबणाच्या पाण्याने चिंब करायची, पत्ती जवळजवळ आडवी धरायची आणि फक्त पुढे ढकलायची. मागे ओढली की खाली अडकलेला वाळूचा कण काचेवर कायमची रेघ मारतो. बाथरूमच्या काचेच्या दाराला मात्र मामांनी पत्ती लावू दिली नाही. ती काच टफन्ड, कोपऱ्यात तसा शिक्का असतो. भट्टीतून निघताना अशा काचेवर कधी कधी बारीक कण चिकटून राहतात आणि पत्तीखाली तेच घासले जातात.

पाण्याच्या डागांना साबण कितीही लावा, ते ढिम्म हलत नाहीत. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार ते, त्यांना आंबटच लागतं. साधं पांढरं व्हिनेगर, म्हणजे पाण्यात साधारण 5 टक्के ॲसेटिक आम्ल, पुरतं. पण नुसतं फवारलं तर उभ्या काचेवरून ते क्षणात ओघळून जातं. म्हणून मी टिश्यू पेपर त्यात भिजवून काचेला चिकटवले आणि पंधरा मिनिटं तशीच जाऊ दिली. कागद सोलला तेव्हा त्याखालचा थर मऊ पडून सायीसारखा सरकत होता. मग नायलॉनचा मऊ ब्रश हलक्या हाताने गोल फिरवला, पाणी मारलं, वायपर ओढला. ब्रशचं काम इतकंच. जोर लावावा लागला, तर डाग अजून भिजलेला नाही असं समजून मी परत कागद चिकटवते.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. आमच्या खिडकीची चौकट संगमरवराची आहे आणि संगमरवर म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. व्हिनेगरचा ओघळ त्यावर राहिला तर चकाकी जाते. खाली जुना टॉवेल अंथरल्याशिवाय मी बाटली उघडत नाही. फरशीचं ॲसिड तर खिडकीजवळ आणूच नये. ॲल्युमिनियम खातं ते.

स्लायडिंगच्या खाचेसाठी मामांनी एक इंची जुना रंगाचा ब्रश घेतला आणि त्याचे केस निम्म्यावर कापले. आखूड झालेले केस ताठ होतात, कोपऱ्यातली माती खरवडून बाहेर काढतात. बाजारात असा ब्रश मला अजून दिसलेला नाही. कबुतरांची विष्ठा मात्र कोरडी कधीच घासायची नाही. तिची धूळ श्वासातून फुफ्फुसात जाते आणि त्याने होणारा आजार साधा नसतो. तोंडाला मास्क, भरपूर पाणी, आणि विष्ठा ओली असतानाच पुसून घ्यायची.

राहिले ते बोटाला न लागणारे डाग. वरच्या मजल्याच्या प्लास्टरचं पाणी तिथून ओघळलं होतं. सिमेंटचं पाणी जबर अल्कधर्मी, दिवसेंदिवस राहिलं की काचेचा पृष्ठभागच खातं. त्याला ना व्हिनेगर उपयोगी, ना ब्रश. काच पॉलिश तरी करायची, नाहीतर बदलायची.

शेजारच्या विंगचं बाहेरचं प्लास्टर आता सुरू झालंय. मी सुपरवायझरला गाठून आमच्या बाजूच्या सगळ्या काचांवर प्लास्टिक लावून घेतलंय. ओघळ आलाच तर सुकायच्या आत पाणी मारायचं, असं वॉचमनकाकांनाही सांगून ठेवलंय.