येरमाळ्याच्या आमराईत आराध्यांची रात्र

2025 साली चैत्र पौर्णिमा 12 एप्रिलला, शनिवारी आली. दुसऱ्या दिवशी येरमाळ्याला येडेश्वरी देवीचा चुना वेचायचा. आमच्या आत्या देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी मेळ्यात गातात. रात्री आमराईत मुक्काम करून त्यांचं गाणं ऐकायचं ठरलं. मेळ्यातल्या बाया, संबळवाले काका, मी, बायको आणि धाकटी पोरगी, असे आम्ही रविवारी पहाटेच भूमहून जीपनं निघालो.

यात्रेत गाड्या गावाच्या बऱ्याच अलीकडे थांबवतात. तिथून पायपीट. डोंगरावरच्या मंदिरातून देवीची पालखी खाली येते, चुन्याच्या रानात थांबते, मग आमराईत जाते. रानात लोक चुनखडीचे पांढरे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. लाखोंची गर्दी. वर एप्रिलचं ऊन. पोरीनं चप्पल काढली आणि लगेच रडायला लागली, इतकी माती तापली होती. कडेला ओढ्याकाठी सावली बघून बायको तिला घेऊन बसली. लहान लेकरू असेल तर पायमोजे घालून न्या, पाण्याची बाटली एकीच्या जागी दोन ठेवा.

पालखी आली तसा उदोकार झाला आणि लोंढा पुढं सरकला. त्यात आत्या दिसेनाशा झाल्या. फोन लागेना, एवढ्या माणसांत रेंज कुठली. माझे हातपाय गळाले. आत्यांना साखरेचा त्रास आहे, गोळ्या बायकोच्या पिशवीत होत्या. शेवटी पुकारा करणाऱ्या मंडपात गेलो, तर आत्या आधीच तिथं येऊन बसलेल्या. मांडीवर परडी, परडीत कवड्या, हळदकुंकू आणि वेचलेले चार खडे. मला म्हणाल्या, "कुठं हरवला होतास रे?" सगळ्यांनी आधीच एक ठिकाण ठरवून ठेवावं, आणि औषध ज्याचं त्याच्याच कनवटीला असावं.

आमराईत पोचलो तर दुसरंच संकट. संबळ जीपच्या टपावर बांधून आणला होता, तो दुपारभर उन्हात राहिला. कातडं ताणून जोडीतल्या धाकट्या भांड्याचं तोंड तडकलं. काकांनी बोट फिरवून बघितलं आणि काही न बोलता लांब जाऊन बसले. त्या संबळावर त्यांच्या वडिलांचा हात फिरलेला. त्यांच्याशी काय बोलावं मला सुचेना.

अंधार पडल्यावर बायांनी नुसत्या तुणतुण्यावर आणि झांजेवर सुरुवात केली. पण शेजारी कुणी मोठे कर्णे लावले होते. आत्यांच्या तोंडाशी कान नेला तरी शब्द कळेना. कर्णेवाल्यांना दोनदा विनंती केली, उपयोग झाला नाही. मग सामान उचललं आणि पालखीपासून लांब, आमराईच्या पार टोकाला गेलो. माझं ऐकाल तर पहिल्यापासूनच तिथं बसा. दर्शन उरकून घ्या, मग टोक गाठा. बाहेरगावचे जुने मेळे तिकडंच उतरतात.

तिथं बार्शीकडचा एक मेळा होता. काकांचा फाटका संबळ बघून त्यांचा वाजवणारा आपणहून उठला. कमरेला संबळ बांधलेलाच होता. थोरल्या भांड्यावर वाकड्या काडीनं घुमारा काढला, धाकट्यावर सरळ काडीची टिपरी सुरू केली, आणि आत्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. एक ओळ आमच्या बायांनी म्हणायची, ती त्यांच्या बायांनी झेलायची. पुढचं गाणं त्यांचं, झेल आमचा. काही गाणी दोन्हीकडं होती, पण चाल वेगळी. तेव्हा बाया थांबून एकमेकींची चाल विचारून घेत होत्या. मध्यरात्रीनंतर त्या माणसानं संबळ सोडून काकांच्या कमरेला बांधला. काका पहाटेपर्यंत वाजवत राहिले. पोरगी माझ्या मांडीवर झोपलेली, पाय बधिर झाले, पण उठावंसं वाटलं नाही.

येताना काकांचा संबळ कोरड्या गोधडीत गुंडाळून पायापाशी ठेवला. पुढं भांड्याला नवं कातडं चढवून घेतलं.

पालखी आमराईत पाच दिवस असते. गाणं ऐकायचंच असेल तर चुन्याचा दिवस सोडून मधल्या रात्री जा. गर्दी ओसरलेली असते, आणि मेळे तोवर हललेले नसतात. श्रावण पौर्णिमेलाही तिथं यात्रा भरते, ऊनही नसतं. फक्त पावसासाठी ताडपत्री न्या.