परमुलखातला बटाटा



आमच्या घरातून मुंबईच्या पलीकडे गेलेला मी पहिलाच. आम्ही पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरचे. पावसाच्या भरवशावर बटाटा लावायचा, हा आमचा पिढीजात धंदा. मी चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतो. २०१९ साली कारखान्याने मला तीन महिने काम शिकायला जर्मनीला पाठवले. परतण्यापूर्वी, जूनच्या सुरुवातीला, चार दिवस मोकळे मिळाले. शाळेत वास्को द गामाचा धडा वाचला होता. तो जिथून निघाला तो किनारा एकदा पाहावा, अशी हौस होती. पाठीवर पिशवी अडकवली आणि पोर्तुगालची राजधानी लिस्बन गाठली.

घरून निघताना वडिलांनी दहा हजार रुपये हातावर ठेवले होते. जूनमध्ये बेणे घ्यायला म्हणून बाजूला काढलेले ते पैसे. म्हणाले, "परक्या मुलखात अडीनडीला असू दे. पण आतल्या खिशात ठेव. आळंदीच्या यात्रेत ठेवतो ना, तसं." त्याचे साधारण सव्वाशे युरो झाले. ते मोडायचे नाहीत, जसेच्या तसे परत न्यायचे, असे मी मनाशी ठरवले होते.

मंडळी, समुद्रकाठचे शहर म्हणून मी गेलो, पण पहिल्यांदा दिसली ती नदी. तेजो तिचे नाव. समुद्राला मिळण्यापूर्वी ती इतकी पसरते की पलीकडचा काठ धूसर दिसतो. शहर सगळे टेकड्यांवर वसलेले. अल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत फिरताना शिवनेरीच्या पायऱ्यांची आठवण झाली. बोळ एवढे अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतल्या बायका बसल्या जागी बोलतात. खिडक्यांबाहेर दोरीवर कपडे वाळत घातलेले. घरांच्या भिंतींना बाहेरून निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या फरश्या. पायाखाली चुनखडीचे छोटे काळे-पांढरे दगड बसवलेले. चालून चालून ते इतके गुळगुळीत झाले आहेत, की उतारावर माझे नवे बूट दोनदा घसरले.

एका दुकानाशी ओळखीचा वास आला. आत पाहतो तो खारवून वाळवलेले भले मोठे मासे फळ्यांसारखे रचून ठेवलेले. आपल्या बाजारातल्या सुक्या बोंबलांची आठवण झाली. हा मासा दूर उत्तरेकडच्या थंड समुद्रातला, पण इथल्या घरोघरी तोच लागतो. आणखी एक नवल सांगतो. त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. जेवणाची वेळ झाली तरी अंगणात ऊन!

टेकड्यांच्या मधला सपाट भाग मात्र वेगळा. तिथले रस्ते दोरी लावून आखल्यासारखे सरळ. त्यामागची हकीकत दुःखाची आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी मोठा सण होता आणि सकाळी लोक देवळांत जमलेले होते. तेव्हाच भयंकर भूकंप झाला. पाठोपाठ आग लागली आणि समुद्राची लाटही शहरात घुसली. हजारो माणसे गेली. मग तो भाग नव्याने बांधताना, पुन्हा हादरा बसला तर घर तगावे म्हणून भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले. १९९३ साली आपल्याकडे किल्लारीत जे झाले ते ऐकत मी लहानाचा मोठा झालो. त्या सरळ रस्त्यावर मी थोडा वेळ नुसताच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घात झाला. चढ चढून पाय भरून आले होते, म्हणून ट्राममध्ये चढलो. गर्दी खच्चून होती. उतरलो आणि मागच्या खिशाला हात लावला, तर पाकीट नाही! पासपोर्ट आणि तिकीट कमरेच्या पट्ट्यात होते, ते वाचले. पण बेण्याचे पैसे गेले. त्या सकाळीच मी ते पट्ट्यातून पाकिटात घेतले होते. का, तर एक भारी जाकीट पाहून मोह झाला होता. वाचकहो, वडिलांनी सांगितलेले मी ऐकले नाही, आणि मोडायचे नाहीत म्हटलेले पैसे मोडायला निघालो होतो. चोराचा राग आला त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

खिशात सुटे अकरा युरो उरले. झोपायच्या खाटेचे भाडे आधीच दिलेले होते, हे नशीब. त्या दिवशी सकाळचा एक पाव सोडला तर काही खाल्ले नाही. नदीकाठाने सहा-सात किलोमीटर चालत बेलें नावाच्या भागात गेलो. तिथल्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. आत जायला पैसे पडले नाहीत. १४९७ साली हा माणूस इथून निघाला आणि १४९८ साली कालिकतला पोचला. त्याच्या मागून आलेल्यांनी १५१० साली गोवा घेतला आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत सोडला नाही. ज्याची कबर पाहायला एवढ्या लांब आलो, त्याच्यासमोर हात जोडावेत असे काही वाटले नाही. पोटात भूक होती आणि डोक्यात बेणे.

संध्याकाळी परतताना एका बोळात चार टेबलांची खानावळ दिसली. चुलीपाशी सत्तरीच्या एक आजी. मी नाण्यांची मूठ उघडून दाखवली. त्यांनी मला बसवले आणि हिरव्या सुपाच्या पातेल्यात पळी घातली. वर मांसाची चकती ठेवणार, एवढ्यात मी गळ्यातली माळ दाखवून मान हलवली. माळ त्यांना काय कळणार? पण मान कळली. चकती बाजूला ठेवली. मी पातेल्याकडे बोट करून खुणेनेच विचारले, यात काय आहे? त्या म्हणाल्या, "बटाटा."

मी चमकलो. त्यांनी टोपलीतला एक बटाटा उचलून माझ्यापुढे धरला आणि पुन्हा तोच शब्द. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "बटाटा! आमच्याकडेही बटाटाच!" जर्मनीत तीन महिन्यांत मी घरचा एक शब्द कोणा परक्याच्या तोंडून ऐकला नव्हता. डोळ्यांत पाणी आले.

तुम्हाला ठाऊक असेल, बटाटा मूळचा आपला नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरूकडच्या डोंगरांतला. मिरचीही त्या अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीज जहाजांनी असली पिके आपल्या किनाऱ्याला आणली आणि त्यांच्याबरोबर शब्दही आले. पाव, साबण, चावी, बादली, अननस, काजू, पगार, कोबी हे सगळे थोड्या फरकाने त्यांचेच शब्द. ज्या पिकाला आम्ही पिढीजात म्हणतो, तेही कधीकाळी असेच परक्या मुलखात उतरले होते.

आजींनी न मागता दुसरा वाडगा भरला, पैसे एकाचेच घेतले, आणि उरलेला पाव कागदात बांधून दिला.

सकाळी घरी फोन लावला. तिकडे पेरणीची घाई होती. पैसे कसे गेले ते सारे सांगितले, जाकिटाचेही. वडील थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेण्याचं बघू काहीतरी. त्या बाईने जेवू घातलं, त्यांचं नाव काय?"

मी विचारलेच नव्हते. पुन्हा त्या बोळात गेलो, पण खानावळीला कुलूप होते आणि दुपारी माझे विमान होते.

वडिलांनी त्या वर्षी बेणे उधारीवर घेतले. ती उधारी मी पगारातून फेडली. काढणीला दरवर्षीप्रमाणे डोंगराकडच्या बायका आमच्या रानात आल्या. किती वर्षे येतात त्या! आम्ही त्यांना "ए बाई" म्हणायचो आणि दुपारी त्या बांधावर आपापली भाकरी सोडायच्या. त्या दिवशी आईने मोठे पातेले चढवले आणि मी वाढायला बसलो. वाढता वाढता एकेकीचे नाव विचारले. पहिली हसली आणि म्हणाली, "भाऊ, आज कसं काय विचारलं?"

काय सांगणार? म्हणालो, "आधीच विचारायला हवं होतं."