परळ : हातात फाइल घेऊन फिरायचा भाग

मुंबई बघायला येणारे गेटवे, चौपाटी, राणीची बाग, सिद्धिविनायक अशी यादी करून येतात. परळ त्या यादीत नसतं. तरीही देशाच्या कानाकोपऱ्यातून कितीतरी कुटुंबं रोज इथे उतरतात. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात एक्स-रेची पिशवी आणि मनात एखादा अडलेला निर्णय. तुमच्या घरात कधी तशी वेळ आली, तर परळ आधीच थोडं ओळखीचं असावं म्हणून हे लिहिते आहे.

गिरणगावातली रुग्णालयं

परळ-लालबाग हा मूळचा गिरण्यांचा मुलूख. १९८२ च्या संपानंतर इथल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि त्यांच्या जागी आता काचेचे टॉवर दिसतात. रुग्णालयं मात्र जागच्या जागी आहेत. केईएम १९२६ सालचं. शेजारीच लहान मुलांचं आणि बाळंतिणींचं अशी दोन वाडिया रुग्णालयं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्या दुःखातून उभं राहिलेलं टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. त्याच्या समोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. मूळचे गोव्याचे असलेले हे शल्यविशारद याच रुग्णालयात आयुष्यभर राबले.

थोडं पुढे हाफकिन संस्था. ज्या वाड्यात पूर्वी इंग्रज गव्हर्नर राहत, तिथे १८९९ पासून प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. थोडक्यात काय, आजाराशी झुंजायची सवय या भागाला शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. म्हणूनच इथे कुणी तुमच्याकडे वळून बघत नाही. डोक्याला रुमाल बांधलेली बाई शांतपणे चहा पीत असते आणि चहावालाही तिला इतरांसारखाच कट चहा देतो.

आम्ही कशासाठी गेलो

माझी मावशी इंदूरची, वय सदुसष्ट. अठरा वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला. एक स्तन काढावा लागला आणि त्या जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. कर्करोग परत आला नाही. पण गेली दोन वर्षं ती बाजू दगडासारखी घट्ट झाली होती. कुशीवर झोपता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ यायची. प्रश्न एकच होता : इम्प्लांट काढायचं, बदलायचं की तसंच ठेवायचं?

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. मुलगा म्हणाला, "आई, या वयात पुन्हा चिरफाड कशाला?" सून म्हणाली, "काढून नवीन बसवा." काका म्हणाले, "तुला सोसतंय तोवर राहू दे." मावशी कुणालाच काही बोलली नाही. मला फोन करून एवढंच म्हणाली, "अगं, माझ्यासोबत मुंबईला चल. मला नीट विचारायचंय आणि विचारताना घरचं कुणी नकोय."

इम्प्लांट जन्मभराचं नसतं

तुमच्या ओळखीत कुणाला इम्प्लांट असेल, तर एवढी माहिती असू द्या. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात बसवलं गेलं. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो हे शल्यविशारद आणि टिमी जीन लिंडसी ही ते बसवून घेणारी पहिली बाई. लाखो बायकांनी नंतर ती वाट धरली. कुणी हौसेने, कुणी कर्करोगानंतर.

शरीर बाहेरच्या वस्तूभोवती व्रणाचं एक आवरण तयार करतं. काहींमध्ये ते हळूहळू आवळत जातं आणि जागा कडक होते, दुखते. छातीला रेडिएशन दिलेलं असेल तर ही शक्यता वाढते. कधी इम्प्लांट आतल्या आत फाटतं आणि वरून काहीच कळत नाही. ते सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये दिसतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन स्पष्ट सांगतं, की ही जन्मभर टिकणारी वस्तू नाही आणि जितकी वर्षं ती आत राहील, तितकी तक्रारींची शक्यता वाढते. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा संबंध आढळल्यावर २०१९ मध्ये एका कंपनीने तशी इम्प्लांटं जगभरातून परत मागवली. मात्र काही त्रास नसेल तर केवळ भीतीपोटी ती काढावीत, असं त्याच प्रशासनाचं म्हणणं नाही. अचानक सूज, गाठ, आकारात बदल किंवा दुखणं असेल तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.

आमचा दिवस

इंदूरहून अवंतिका एक्सप्रेस सकाळी मुंबई सेंट्रलला पोचते. तिथून लोकलने प्रभादेवीला उतरलं, की पुलाने परळला जाता येतं. पण आजारी माणूस सोबत असेल तर सरळ टॅक्सी करा, गर्दीच्या वेळी लोकलचा हट्ट नको. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. निघण्यापूर्वी जागेची चौकशी करून ठेवा आणि रुग्णालयाचे कागद सोबत असू द्या.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे जुन्या शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेलं इम्प्लांटचं कार्ड. कंपनी, प्रकार, क्रमांक सगळं त्यावर असतं. मावशीने ते देवघराच्या खणात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात जपून ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी तेच मागितलं.

मावशीने वहीत प्रश्न लिहून नेले होते. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून देते. नुसतं इम्प्लांट काढायचं की भोवतीचं आवरणही? रेडिएशन झालेली कातडी भरून यायला किती दिवस लागतील? माझा रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचं काय? काढल्यावर छाती सपाट ठेवली तर कशी दिसेल? नळी किती दिवस राहील? आणि शेवटचा : काहीच केलं नाही तर काय होईल?

डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक उत्तर सावकाश दिलं. आवरण दरवेळी पूर्ण काढावंच लागतं असं नाही, ते कारणावर ठरतं. नवीन बसवलं तर तेही पुन्हा घट्ट होऊ शकतं. वयापेक्षा हृदय, फुप्फुसं आणि साखर यांच्या तपासण्या महत्त्वाच्या. "घाई नाही. घरी जाऊन ठरवा," असं म्हणून त्यांनी तपासण्यांची यादी हातात दिली.

लालबागचा फेरफटका

दुपारी आम्ही लालबागला गेलो. मिसळ खाल्ली, वर पीयूष घेतलं. मसाल्याच्या बाजारात मिरच्या निवडणाऱ्या बायका, डंकावर कुटला जाणारा मसाला, हवेत ठसका. मावशीने सुनेसाठी अर्धा किलो मसाला करून घेतला आणि घासाघीस करून दहा रुपये कमीही करून घेतले.

संध्याकाळी परळच्या वस्तीतल्या एका लहानशा देवळात गेलो. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेलं शिवाचं प्रचंड शिल्प तिथे आहे. एकाच दगडात सात शिवरूपं, काळ साधारण पाचव्या-सहाव्या शतकाचा. मावशी बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "तेव्हा मी ते बसवलं, कारण आरशात बघायची भीती वाटायची. आता आरशाची भीती नाही. आता मला कुशीवर झोपायचंय."

निर्णय तिथेच झाला. तपासण्या इंदूरला करायच्या, ठीक आल्या तर इम्प्लांट काढायचं आणि नवीन बसवायचं नाही. साडी नेसताना हवा तर ब्लाउजमध्ये सुती पॅड. घरी सांगायचं तेही तिने ठरवलं : मत विचारायचं नाही, तारीख सांगायची.

दुसरीचा निर्णय वेगळा असू शकतो. कुणी नवीन बसवेल, कुणी काही त्रास नाही म्हणून तसंच ठेवेल. तिन्ही वाटा योग्य असू शकतात. घरातल्यांनी एवढंच करावं : "या वयात कशाला?" असं विचारण्याऐवजी "तुला काय होतंय?" असं विचारावं. आणि परळला जायची वेळ आली, तर कार्ड, वही, औषधांची यादी, पाण्याची बाटली आणि कमी बोलणारं, पण जवळ बसणारं एक माणूस सोबत घ्या. विम्यातून किती खर्च मिळेल, हे निघण्याआधी कंपनीकडून लेखी मागवा. आणि परतीची गाडी त्याच दिवसाची काढू नका. डॉक्टरांचं ऐकून झाल्यावर थोडं फिरायला, थोडं गप्प बसायला एक संध्याकाळ हाताशी ठेवा.