उजेडाचा हिशेब

सूर्य सर्वांना सारखा उजेड देतो, असे आपण म्हणतो. आम्ही बी.कॉम. शिकलेले कारकून. कोणी ‘सारखे’ म्हटले की आमचे मन लगेच हिशेबाला बसते. हा उजेड खरोखर सर्वांच्या वाट्याला सारखा येतो काय?

आधी दूरचे उदाहरण घेऊ. युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वे देश आहे. तेथील ट्रोम्सो हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर वसले आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड, की पुन्हा रात्र. उलट मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही. लोक खिडकीला जाड पडदे लावून झोपतात. मग तेथील मुले शिकत नाहीत काय? शिकतात. अंधारातच शाळेत जातात, दिवे लावलेल्या वाटांवर बर्फात खेळतात. निसर्गाने उजेड रोखला, तेथे समाजाने दिवा लावला.

आता आपला भंडारा जिल्हा पाहा. जूनमधला सर्वात मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा, डिसेंबरातला सर्वात लहान सुमारे १० तास ५० मिनिटांचा. म्हणजे निसर्गाने आपल्याला बारमाही उजेड दिला. पण तो जातो कुठे?

मे महिन्यात आपल्या आयाबहिणी झुंजुमुंजू व्हायच्या आत तेंदूपत्त्यासाठी जंगल गाठतात. घरी येऊन ७० पानांची पुडकी बांधतात, संध्याकाळी फळीवर मोजून देतात. पावसाळ्यात चिखलात रोवणी. दिवाळीच्या पुढेमागे धानाची कापणी, पुंजणे, मळणी. सारा उजेड मजुरीत जातो.

आमची आई बिड्या बांधायची. मजुरी हजारावर. दिवस असेतोवर दाराशी आणि दिवस बुडाला की चिमणीजवळ, सूप काही मांडीवरून हलत नसे. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने कारखान्यातल्या बायांचे काम सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्यातच बसवले होते. पण घरी बसून बिड्या बांधणाऱ्या बाईला कुठले घड्याळ? त्या एका चिमणीभोवती आम्ही तिघे असायचो. आई बिड्या बांधी, थोरली बहीण पाने कापी आणि आम्ही पुस्तक वाचत असू. आम्ही बी.कॉम. झालो. बहिणीची शाळा सातवीतच सुटली. चिमणी एकच होती, पण तिच्या उजेडाची वाटणी सारखी नव्हती.

नॉर्वेत आठ तासांच्या कामाचा कायदा १९१९ साली झाला. आपल्याकडे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळले. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामाचे तास कमी करणे म्हणजे मजुराचा उजेड मजुराला परत देणे. त्यातूनच त्याला वाचायला, सभेला जायला, लेकराजवळ बसायला वेळ मिळतो.

बंधू-भगिनींनो, आज चिमणी गेली, घरोघरी बल्ब आला. पण वाटणी बदलली काय? दहावी-बारावीच्या परीक्षा हिवाळा सरता सरता येतात. म्हणजे अभ्यासाचे महिने नेमके लहान दिवसांचे. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास दिवस बुडतो. मुलगी शाळेतून येते तोच अंधार, आणि समोर पाणी, भांडी, स्वयंपाक. मुलगा मात्र बल्बखाली पुस्तक उघडून बसलेला असतो.

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. अंधार पडल्यावर मुलींना पाठवायला पालक कचरत. मग दोन आयांनी टॉर्च घेऊन मुलींना घरापर्यंत पोहोचवण्याचे काम अंगावर घेतले. आता विहारात मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली आहे. खर्च लागला तो टॉर्चच्या सेलांचा.

तेव्हा येत्या हिवाळ्यात प्रत्येक घराने एवढे करावे. संध्याकाळी सात ते नऊ मुलीला कोणतेही काम सांगू नये. टीव्ही बंद ठेवावा. आई मजुरीहून थकून आली असेल, तर बापाने चुलीपाशी बसावे. बापाने रांधला म्हणून भात काही कच्चा राहत नाही.