पाण्यात पाहणे

बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी बीडची बिंदुसरा नदी सिंदफणेला मिळते, सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीला मिळते आणि पुढे हे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. त्यामुळे अरबी समुद्र अंतराने जवळ असूनही बीडच्या पाण्याची त्याच्याशी गाठ पडत नाही. या जिल्ह्यात पाण्याकडे पाहायचे ते मोजण्यासाठी : विहिरीला किती परस उरले, म्हणजे किती पुरुष खोलीचे, आणि ते पोळ्यापर्यंत पुरेल का. त्या पाण्यात राहते कोण, हा प्रश्न टंचाईत मागेच पडतो.

म्हणूनच बीडकडचा माणूस मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला स्नॉर्केलिंग करतो, म्हणजे काचेचा मुखवटा लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर पालथा तरंगतो, तेव्हा त्याची नजरच मुळापासून बदलते. 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या परिसरात, पावसाळ्याचा गढूळपणा निवळल्यावर, काळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे खडकांच्या कपारींतून हिंडताना दिसतात, आणि पाण्यात वस्तू जवळ व मोठ्या भासत असल्याने ते हाताशी आल्यासारखे वाटतात. पण खरे थबकावे ते एखाद्या ओबडधोबड, हिरवट-तपकिरी गोट्यापाशी. तो दगड नसून प्रवाळ आहे : तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे असलेल्या असंख्य इवल्या जीवांनी चुन्याची घरे एकमेकांना चिकटवून उभारलेली वस्ती. या जीवांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळ त्याला आसरा देतो, ते उन्हावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते, आणि हा व्यवहार शेतातल्या सावडीसारखाच चोख असतो. पाणी फार तापले की सावड मोडते, शैवाल बाहेर पडते आणि वस्ती पांढरीफटक होते. याला विरंजन म्हणतात. दुष्काळात गाव रिकामे होताना पाहिलेल्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अशा वस्तीवर पाय टेकणे किंवा पाव टाकून मासे गोळा करणे याला पाहणे म्हणता येणार नाही.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि चहूकडून खारे पाणी असताना त्या गोड आहेत, याचे अप्रूप बीडच्या माणसाला इतरांहून अधिक वाटते. गावी परतल्यावर तो आपल्या विहिरीवर वाकतो, सवयीने परस मोजतो, आणि पाणी स्वच्छ राहावे म्हणून कधीकाळी सोडलेले कासव वर येईपर्यंत काठावर थांबतो.