गोड्या विहिरी, खारे पाणी

माणदेशात वाढलेल्या मुलाला पाणी ही पाहण्याची वस्तू आहे, असे कधी वाटत नाही. पाणी आणायचे असते, साठवायचे असते, पुरवून वापरायचे असते. आमच्या माण तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. तोही त्याच्या मनात आले तर. सह्याद्रीपलीकडच्या सिंधुदुर्गात मात्र तो तीन हजार मिलिमीटरच्या घरात कोसळतो. मध्ये आहे ती एक डोंगरांची रांग. ढग तिच्या पलीकडच्या अंगाला रिते होतात आणि आमच्या वाट्याला त्यांची नुसती सावली येते. भूगोलात याला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात. इतक्या कडू गोष्टीला इतके गोड नाव कुणी दिले असेल, हा प्रश्न मला शाळेतच पडला होता.

माझे वडील विहिरी खोदतात. ‘खोदत असत’ म्हणणे अधिक खरे. पहार, घण, पाटी, दोर आणि सुरुंगाची दारू एवढे त्यांचे भांडवल. चाळीस फुटांच्या विहिरीला चार-चार, पाच-पाच महिने लागत. एका सुरुंगाने त्यांचा डावा कान कायमचा नेला. आता बोअरची गाडी येते, रात्रभर घरघरते आणि सकाळपर्यंत तीनशे फूट खाली गेलेली असते. पाणी लागो न लागो, पैसे मोजावेच लागतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजी अजून अंगठा उठवते. १९७२ च्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली, त्या खडीचा एक व्रण तिच्या भुवईवर आहे. म्हणून चुलते जेव्हा विचारतात, “बीए करून काय व्हनार? जूनपास्नं बोअरच्या गाडीवर लावून देतो,” तेव्हा त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. प्रश्न खरा आहे. फक्त त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

अशा स्थितीत, तिसऱ्या सत्राची परीक्षा संपल्यावर, डिसेंबरात आम्ही वसतिगृहातल्या चौघांनी पाठीवर सॅक मारून समुद्रकिनाऱ्याने पायी चालण्याचा बेत केला. वेंगुर्ले ते मालवण. ‘कमवा व शिका’ योजनेत बागेला पाणी घालून माझे थोडे पैसे साठले होते. ते घरी द्यावेत की खर्चावेत, या विचारात दोन रात्री गेल्या. शेवटी आण्णांनाच विचारले. ते उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होते. मग म्हणाले, “मी जल्मभर खाली जाऊन पानी बघितलं. तू सपाटीवरचं बघून ये. आन् बघितल्यावर मला सांग.”

एस.टी.ने आंबोलीचा घाट उतरताना कानांत दडे बसले आणि हवा एकदम ओलसर झाली. सावंतवाडीहून वेंगुर्ले. बंदराच्या वळणावर समुद्र दिसला तेव्हा आम्ही चौघेही गप्प झालो. कवितेत वाचलेली सगळी विशेषणे त्या क्षणी बिनकामाची ठरली. माझ्या मनात आले ते एवढेच, की इतके पाणी आणि एक हंडा भरण्याजोगे नाही!

पुढे तीन दिवस आम्ही चाललो. वायंगणी, केळूस, खवणे, निवती, भोगवे. पुळणीवरून चालणे सोपे वाटते. पण कोरड्या वाळूत पाऊल मागे घसरते आणि ओल्या वाळूत लाटेकडे लक्ष ठेवावे लागते. मध्येच डोंगराचे नाक समुद्रात घुसलेले असते. तिथे किनारा सोडून जांभ्याच्या सड्यावर चढायचे, काजूच्या बागांतून वाट काढायची आणि पुन्हा पुढच्या पुळणीवर उतरायचे. रात्री निवतीला एका घराच्या पडवीत पथाऱ्या पसरल्या. लांब समुद्रात वेंगुर्ल्याच्या खडकांवरच्या दीपगृहाचा प्रकाश ठरावीक अंतराने चमकत होता. त्या खडकांतल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. आपल्या लाळेने त्या घरटी बांधतात. ओसाड खडकावर लाळेचे घर! माणदेशी माणसाला हा पक्षी आपल्या नात्यातला वाटावा.

वाटेत एके सकाळी रापण पाहिली. पाहिली म्हणण्यापेक्षा ओढली. होडीने मोठा वळसा घेऊन जाळे समुद्रात सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगा करून माणसे ते ओढत राहतात. आम्हीही दोर धरला. हाताची सालटे निघाली. तासाभराने जाळ्याचा फुगा किनाऱ्याला लागला, त्यात बांगडे होते, फार नव्हते. आम्ही निघू लागलो तर एका वयस्क माणसाने हाक मारली, “दोर धरलात मां? मगे वाटो घेवा!” आणि चार बांगडे आमच्या हातांवर ठेवले. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि दोर धरणाऱ्या प्रत्येकाचा वाटा, असा हा व्यवहार. पण यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांत मोठमोठे थवेच्या थवे खोल पाण्यातच गोळा होतात, मग रापणीला काय यावे? राज्य शासनाने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. तरी तंटा मिटलेला नाही, हे तिथल्या बोलण्यात जाणवले. मला आण्णांची पहार आणि बोअरची गाडी आठवली. किनाऱ्यावरही तेच चालले होते. फक्त पाणी खारे होते.

भोगव्याच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. पलीकडे देवबाग. इंजिनाच्या होड्या होत्या. पण आमचे दैव असे, की एका म्हाताऱ्या बाबांनी आपल्या उलांडीच्या होडीला अजून शीड ठेवलेले होते. “खयसून इलात रे झिलांनो?” अशी चौकशी झाली. दुष्काळी भागातून आलो म्हटल्यावर त्यांनी आम्हांला पोचवण्याआधी थोडे बाहेर फिरवून आणण्याचे कबूल केले.

शाळेत ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ यांतील फरक पाच गुणांना येई. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे. रात्री ती लवकर निवते, म्हणून जमिनीकडून समुद्राकडे. मी पाठ केले होते. पण पहाटेच्या मतलईवर दर्यात जायचे आणि दुपारच्या खाऱ्यावर घरी परतायचे, असे पिढ्यान्‌पिढ्यांचे वेळापत्रक त्या दोन शब्दांवर चालत होते, हे मला त्या होडीत कळले. दुपारचा वारा समोरून होता. समोरच्या वाऱ्यावर होडी पुढे जाईल कशी? बाबांनी शीड तिरके धरले आणि होडी नागमोडी चालू लागली. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. उलांडी पाण्याबाहेर उचलली गेली, की आमच्यापैकी एकाने तिच्या दांड्यावर जाऊन बसायचे. माझी पाळी आली तेव्हा खाली हिरवे पाणी पळत होते आणि पोटात गोळा उठला होता. नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्टीवर लाट फुटली आणि चौघेही नखशिखान्त भिजलो. बाबा मात्र हसत म्हणाले, “वारो आपलो गडी नाय, आपणच वाऱ्याचे गडी!”

मालवणला चौथ्या दिवशी मी पाण्याखाली गेलो. इथला समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर. सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. आम्ही विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकलेली मुले. पण इथे पोहण्याचा प्रश्न नव्हता, श्वासाचा होता. नाक बंद, नळी तोंडात, श्वास तोंडानेच. पाठीवरच्या नळकांड्यात निव्वळ प्राणवायू असेल असे मला वाटे. असते ती साधी हवाच, दाबून भरलेली. शिकवणाऱ्याने खुणा सांगितल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवली म्हणजे ‘ठीक आहे’. वर उचललेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे. ‘मला वर ने’. मला आजीचा शाईचा अंगठा आठवला. तिची खूणही कदाचित तीच असेल.

पहिल्या काही फुटांतच कान दुखू लागले. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, आणि कानाच्या पडद्याला तो सर्वांत आधी कळतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे. ‘टक्’ असा आवाज झाला आणि वेदना गेली. आण्णांच्या कानाला असा उपाय कुणी सांगितला नव्हता. सुरुंगाला उपाय नसतोही. खाली गेलो, अंदाजे वीस फूट. त्यांच्या विहिरीच्या निम्मे. तांबूस-हिरव्या प्रवाळांवरून पट्ट्यापट्ट्यांचे मासे जात होते, माझ्या काचेशी येऊन थबकत होते. कानांत फक्त माझ्याच श्वासाचा आवाज. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी आण्णा पेटता कंदील दोराने खाली सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. इथे शिकवणारा दर मिनिटाला माझ्या हवेच्या काट्याकडे पाहत होता. खोलवर जाणाऱ्याच्या जिवाची काळजी वाहणारे वर-खाली कुणीतरी असावे लागते, हा नियम दोन्हीकडे सारखाच. फरक इतकाच, की मी हौसेने उतरलो होतो आणि ते भाकरीसाठी.

दुपारी किल्ल्यात गेलो. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. महाराजांचे मंदिर, तट, बुरूज सगळे पाहिले. पण माझे पाय खिळले ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते, म्हणून बेटाखाली ते वर तरंगून राहते. उपसा मर्यादेत ठेवला तर गोडे. हाव केली तर खारे. ओंजळीत घेऊन मी ते चाखले.

घरी आल्यावर, कबूल केल्याप्रमाणे, आण्णांना सगळे सांगितले. मासे, प्रवाळ, शीड यांना ते नुसते ‘हं’ म्हणाले. विहिरींचे नाव निघताच मात्र सरसावून बसले. किती खोल? बांधीव का? कातळ कसला? मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, “समिंदरात गोडं पानी लागंल, ह्ये कुनी वळखलं आसंल? खोदनारा कोन व्हता?”

मी म्हणालो, “किल्ला कुणी बांधवला ते पुस्तकात आहे. विहिरी कुणी खोदल्या, त्यांची नावे मी कुठे वाचलेली नाहीत.”

“मंग हुडिक की,” आण्णा म्हणाले. “त्यापायीच शिकतुयास न्हवं?”

चुलते तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. जूनमध्ये बोअरची गाडी गावावरून जाईल, तेव्हा तिच्यावर मी नसेन. तृतीय वर्षाला इतिहास हा विषय घेण्याचे मी ठरवले आहे. फीचे पैसे जमवण्यासाठी बागेला पाणी घालणे चालूच आहे.