लोणारच्या काठावरचा खेळ

डोंगरावरच्या प्रवचनात येशू श्रोत्यांचं लक्ष आकाशातल्या पाखरांकडे वळवतो. लंडनचे धर्मोपदेशक जॉन स्टॉट (१९२१–२०११) यांनी ते अगदी शब्दशः घेतलं. दुर्बीण घेऊन ते जगभर हिंडले आणि १९९९ मध्ये त्यांनी ‘द बर्ड्स अवर टीचर्स’ हे पुस्तक लिहिलं.

पाखरं शिकवतात या श्रद्धेतून व्हिडिओ गेम करायचा, तर तो बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला घडावा. शांत खेळ लोकांना रुचतात, हे ‘आल्बा’ या गेमनं २०२० मध्ये दाखवलंच. त्यात एक मुलगी भूमध्य समुद्रातल्या बेटावर प्राण्यापक्ष्यांचे फोटो काढत फिरते. ना घाई, ना गोळीबार.

लोणारला तर निसर्गानंच पट मांडलाय! उल्कापातानं बेसाल्टमध्ये पडलेलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं. त्याच वर्षी सरोवराला पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला. खेळाडूनं झाडीतून खाली उतरावं, मोराची केका ऐकावी. बुडी मारलेली टिबुकली तो स्थिर उभा राहिला तरच पुन्हा दिसावी. गुण नकोत, वही हवी.

काठावरची प्राचीन मंदिरं मात्र आहेत तशीच राहावीत. तिथं चर्चची घंटा वाजवणं खोटं ठरेल. श्रद्धा पाहण्याच्या सबुरीतून उमटावी. आणि चक्रवाक हिवाळ्यातच यावेत. मे महिन्यात खेळ उघडणाऱ्याला ते भेटणार नाहीत, त्यानं थंडीपर्यंत थांबावं.